हिरव्या फितीचा डबा

१

"माणूस खोटं बोलतो, पाकीट खोटं बोलत नाही. पाकीट मागून वाचायला शिकलं, की या जगात कुणाची फसगत होणं शक्य नाही," असं आप्पांनी जाहीर केलं आणि चहात बुडवलेलं बिस्कीट तोंडात टाकलं.

"ती बिस्किटं सृष्टीनं खालच्या कुत्र्यासाठी आणलीत," आप्पांच्या पत्नी सोनाबाई म्हणाल्या.

आप्पा चावायचे थांबले. नातीनं आणलेलं पाकीट समोरच होतं. त्यावर कुत्र्याचं चित्र होतं, चांगली जीभ बाहेर काढलेलं. पण चष्मा आतल्या खोलीत होता, आणि जन्मभर अन्न निरीक्षकाची नोकरी केलेल्या माणसानं चित्रांवर विश्वास ठेवायचा नसतो. चित्र निव्वळ शोभेसाठी असतं, असं कायदाच सांगतो. आप्पांनी बिस्कीट गिळलं आणि म्हणाले, "मीठ कमी आहे. तब्येतीला बरं."

आप्पा निवृत्त होऊन जुळे सोलापुरात राहायला आले, तेव्हा सोसायटीतल्या लोकांना वाटलं होतं, एक शांत म्हातारा आला. तो समज पहिल्याच लग्नात गेला. आप्पा जेवणाच्या मांडवात शिरले की आधी आचाऱ्याची नखं बघत, मग अक्षता टाकत. तेव्हापासून यजमान मंडळी त्यांना आग्रहानं स्टेजजवळ बसवत, म्हणजे स्वयंपाकापासून सगळ्यात लांब.

दुसरं बिस्कीट उचलावं की नाही या विचारात असतानाच फोन वाजला. पलीकडे मायाक्का होती. बाळीवेशीतल्या गल्लीत तिची खानावळ, आणि खानावळीच्या जोडीला चटण्यांचा धंदा.

"आप्पा, घात झाला. पृथ्वीराज सर दवाखान्यात हायेत."

"काय झालं?"

"आमची चटणी खाल्ली." मायाक्काचा आवाज फाटला. "त्यात शेंगदाणा निघाला म्हणत्यात."

आप्पांनी बिस्कीट खाली ठेवलं.

पृथ्वीराज सर बार्शीचे. सोलापूरच्या एका कॉलेजात शिकवायला आलेले, एकटेच राहणारे. त्यांना शेंगदाणा चालत नसे. चालत नसे म्हणजे आवडत नसे असं नव्हे. कणभर पोटात गेला तरी ओठ सुजायचे, घसा आवळायचा, श्वास अडकायचा. आता सोलापुरात शेंगदाणा हा पदार्थ नाही, ते इथलं हवामान आहे. भाजीत कूट, आमटीत कूट, भाकरीवर चटणी, चटणीवर तेल आणि तेलही त्याचंच. या गावात त्या माणसानं दही-भात आणि केळी यांवर पहिले काही महिने काढले. मग त्यांना मायाक्काची कारळ्याची चटणी सापडली. काळीभोर, खमंग, आणि पाकिटावर हिरव्या अक्षरांत छापलेलं: 'शेंगदाणा नाही'. ते छापायला मायाक्काला त्यांनीच सुचवलं होतं. गल्ली हसली होती. सोलापुरात असं छापणं म्हणजे जवळजवळ माफी मागितल्यासारखंच.

"सर कसे आहेत?"

"जिवावरचं टळलं. पर वैजयंतीताई आल्या. कारळ्याचा सगळा माल सील केला. उद्या दुपारी परत येनार. तवर कारण घावलं न्हाय, तर खानावळ, चटण्या, समदंच बंद करावं लागंल म्हणाल्या." ती थांबली. "एकदा बंद पडलं की आमच्यासारख्याचं परत उघडत न्हाय, आप्पा. तुमाला ठावं हाय."

आप्पांना ठाऊक होतं. अशी कितीतरी कुलपं त्यांनी स्वतः बघितली होती.

"काही हलवू नकोस," ते म्हणाले. "आणि कुणाला हलू देऊ नकोस."

"हलतंय कोन? समदी रडत बसलीत."

२

खानावळीत शिरताच मिरची आणि लसणाचा वास आप्पांच्या नाकात बसला, तो दिवसभर उठला नाही. गल्ल्यावर मायाक्काचा नवरा महादेवप्पा छताकडे बघत बसला होता. हा माणूस एरवीही बोलत नसे, पण आज तो जरा मोठ्यानं गप्प होता.

अन्न सुरक्षा अधिकारी वैजयंती अजून निघालेली नव्हती, आतच होती. नोकरीला लागली तेव्हा तिनं आप्पांच्या हाताखाली नमुने घ्यायला शिकून घेतलं होतं. आता ती शिकवायची आणि आप्पा ऐकायचे, निदान तसं दाखवायचे.

"सर, मला सगळ्यात जास्त काय लागलंय माहितीये?" ती म्हणाली. "ही खानावळ माझी नमुन्याची खानावळ होती. मी इतरांना इथं बघायला पाठवायचे."

आणि खरंच, बघण्यासारखं होतं. काही आठवड्यांपूर्वी वैजयंतीनं येऊन सांगितलं होतं की शेंगा आणि कारळं एकमेकांना शिवता कामा नये. मायाक्कानं ते सोवळ्याच्या वरताण पाळलं. दोन उखळं, दोन मुसळं, दोन सुपं, डबेही वेगळे. शेंगदाण्याच्या प्रत्येक वस्तूला लाल फीत, कारळ्याच्या प्रत्येक वस्तूला हिरवी. भिंतीवर कोळशानं नव्हे, चांगल्या रंगानं लिहिलेलं: 'कारळं फक्त हिरव्यात'. चटणी कुटणाऱ्या चिमाबाईनं केसांच्या जाळीलाही हिरवी फीत लावली होती.

"ही कशाला?" आप्पांनी विचारलं.

"आज कारळं कुटायचं हुतं म्हणून. शेंगाच्या दिशी लाल." चिमाबाईनं पदरानं नाक पुसलं, मग वैजयंतीकडे बघून घाईनं हात धुतले. "आंघुळ करून येती, नखं काडती, जाळी घालती. त्या जाळीत माजा नवराबी मला वळखंना झालाय. आजून काय करू?"

"काल दोन्ही चटण्या कुटल्या?"

"न्हाय की. काल निस्तं कारळं. शेंगाचं उखळ झाकून ठेवल्यालं."

मायाक्काची सून सोनाली लेबलं छापून आणायची आणि चिकटवायची. ती आधीच चिडलेली होती. "आप्पा, लेबल बदललं असेल असं सगळे माझ्याकडे बघतायत. पाकिटात कारळंच होतं ना? मग लेबल बरोबरच होतं ना?"

"बरोबर होतं," आप्पा म्हणाले. "लेबल खरं, माल खरा. फक्त आत एक न बोलावलेला पाहुणा होता. तो कसा होता, हे कुणी पाहिलं का?"

वैजयंतीनं मोबाइल पुढे केला. सरांच्या पाकिटात उरलेली चटणी सील करण्याआधी तिनं ती पांढऱ्या कागदावर पसरून फोटो काढला होता. काळ्या चटणीत भुरकट कूट, आणि कुटाला चिकटलेला लालसर, पातळ पापुद्रा.

आप्पांनी चष्मा लावला, काढला, पुसला, पुन्हा लावला. मग शेंगाचटणीचं एक पाकीट मागून घेतलं, फोडलं आणि ताटलीत ओतलं. बोटानं पसरलं. पुन्हा पसरलं.

"मायाक्का, तुझ्या शेंगाचटणीत साल दिसत नाही."

"दिसंल कसं? भाजलं की चोळून, पाखडून काडतो. साल ऱ्हायलं की चटणी तुरट हुती."

"एकही नाही?"

"एक जरी घावलं तर धंदा सोडीन."

"मग हे कुणाचं?" आप्पांनी मोबाइल तिच्यासमोर धरला.

मायाक्कानं मोबाइल डोळ्यांजवळ नेऊन पाहिलं. मग तिनं मान वर केली आणि दारातून, रस्त्यापलीकडे पाहिलं.

"ह्या गल्लीत सालासकट कुटनारा एकच हाय," ती म्हणाली.

गल्ल्यावर महादेवप्पाला ठसका लागला.

३

रस्त्यापलीकडचं दुकान अजिनाथचं. शेंगाचटणी, कडक भाकरी, आणि पाटीवर 'अस्सल' हा शब्द तीनदा. मायाक्का लग्न होऊन गल्लीत आली, तेव्हा अजिनाथच्या आईच्या, केराबाईच्या, उखळाशी बसून चटणी शिकली. मग तिनं समोरच आपलं दुकान थाटलं. त्या दिवसापासून दोन्ही घरांत बोलणं नव्हतं. अजिनाथच्या घरी मायाक्काचं नाव निघत नसे. 'समोर' एवढंच म्हणत.

"साल काडायचं म्हंजे चव काडायची," अजिनाथनं आप्पांना खुर्ची देत सुरुवात केली. "मी सालासकटच करतो. पाटीवरबी लिवलंय. मग? समोर काय झालं त्याचा माजा काय संबंध?"

"त्यांच्या चटणीत तुझ्यासारखा शेंगदाणा निघालाय."

"आप्पा, मला घातपात करायचा असता, तर मी चिमूटभर टाकला असता व्हय? मला कमी टाकायची सवय न्हाय. गिऱ्हाइकाला इचारा."

या युक्तिवादात दम होता. अजिनाथ पाकिटात चटणी दाबून दाबून भरायचा. त्याच्यावर काहीही आरोप झाला असता, पण हात आखडल्याचा नसता झाला.

"तू त्यांची कारळ्याची पाकिटं विकत आणलीस म्हणे."

अजिनाथ जरा वरमला. "आनली की. शेजारी काय विकतोय बघाय नको? फोडली न्हाईत. लेबल बघायचं हुतं. मागच्या बाजूला काय काय छापत्यात त्ये आमाला कोन सांगतंय?" त्यानं ड्रॉवर उघडला. पाकिटं तशीच होती, चिकटपट्टी न सोडलेली. "तुमी निवृत्त झालाय म्हणून दाकवतोय. त्या ताईस्नी सांगू नका. माज्या पाकिटावर तारीख छापायची ऱ्हायलीय."

आप्पांनी निवृत्त माणसासारखा चेहरा केला.

आतल्या बाजेवर केराबाई बसल्या होत्या. तोंडात एक दात नाही, पण डोळे चांगले लखलखीत. "कोन हाय रं?"

"आप्पा हायेत, आई. समोरच्या भानगडीचं इचारत्यात."

"मायाक्काच्या चटणीचं व्हय?" केराबाई म्हणाल्या. "कारळं बरं करती पोरगी. पर ह्या खेपंला लसूण कमी पडलाय."

अजिनाथ वळला. "आई, तिची चटणी आपल्या घरात येत न्हाय."

केराबाईंनी क्षणभर भिंतीकडे पाहिलं. "व्हय," त्या म्हणाल्या. "येत न्हाय."

आप्पा निरोप घेऊन उठले, तसं केराबाईंनी हात वर केला. "थांबा, थांबा. आमच्या घरातनं कोन मोकळ्या हातानं जात न्हाय." बाजेखालच्या डब्यातून त्यांनी मूठभर भाजलेल्या शेंगा काढल्या आणि आप्पांना नको म्हणायची सवड न देता त्यांच्या सदऱ्याच्या खिशात कोंबल्या.

दवाखान्यात शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्या माणसाला भेटायला निघालेले आप्पा रस्त्यात थांबले. खिसा रिकामा केला, उलटा केला, झटकला. एका गाढवानं समोर येऊन ते सगळं खाल्लं. तरीही खिशाच्या शिवणीत लाल पापुद्रे तसेच चिकटलेले होते. नखानं काढले तरी निघेनात.

आप्पा त्या शिवणीकडे बघत रस्त्याच्या मधोमध उभे राहिले. रिक्षावाल्यानं शिवी दिली, तीही त्यांना ऐकू आली नाही. मग ते घरी गेले, सदरा बदलला आणि दवाखान्याकडे निघाले.

४

पृथ्वीराज सरांचे ओठ अजून सुजलेले होते. त्यामुळे ते होते त्यापेक्षा जास्त रागावलेले वाटत होते.

"आप्पा, आधी एक सांगा. मायाक्काचं दुकान बंद करणार का?"

"ते तुम्ही काय सांगता त्यावर आहे."

"मग मी काही सांगत नाही." सर भिंतीकडे वळले. थोड्या वेळानं आपणच म्हणाले, "या गावात माझ्या ताटाकडे बघून कुणी 'काय हो, एवढंसं तर कूट आहे' म्हणालं नाही, अशी ती एकटी. तिनं माझ्यासाठी उखळ वेगळं घेतलं. आईनं घेतलं असतं की नाही माहीत नाही. आई अजून म्हणते, लग्न झालं की बरं होईल."

"काल चटणी कशी घेतलीत, तेवढं सांगा."

"दोन पाकिटं घ्यायची होती. एक माझ्यादेखतच डब्यातून भरलं होतं. दुसऱ्यासाठी मायाक्कानं डबा पुढे ओढला. म्हणाली, संपत आलीय सर, पण तुमच्यापुरती निघते. आणि चमच्यानं खरवडून भरली."

"कुठून खरवडली?"

"डब्यातून."

"डब्याच्या कुठल्या भागातून?"

सरांनी त्यांच्याकडे पाहिलं. "तळातून. काठाच्या खाचेतून सुद्धा. चमच्याचा आवाज आठवतोय मला."

"आणि पहिलं पाकीट?"

"ते काल रात्रीच जेवताना फोडलं. काही झालं नाही. दुसरं आज सकाळी, दह्यात कालवून. काळं आणि पांढरं, एवढंच दिसत होतं. तिसऱ्या घासाला घसा धरला."

"एकाच डब्यातली दोन्ही?"

"एकाच. हिरव्या फितीच्या."

आप्पा उठले.

"काय झालं?" सरांनी विचारलं.

"काही नाही. मघाशी एका गाढवानं मला शिकवलं, ते आता कळलं."

सरांनी नर्सला हाक मारावी की काय, असा विचार केला असावा.

५

दुसऱ्या दिवशी दुपारी खानावळीत वैजयंती कागद काढून बसली. सोनाली आणि चिमाबाई भिंतीला टेकून उभ्या. मायाक्का नवं लुगडं नेसून आली होती, जणू कोर्टात चाललीय. महादेवप्पा गल्ल्यावर. आप्पांनीही सोयीची जागा बघून बूड टेकवलं.

"मायाक्का," वैजयंती म्हणाली, "बाहेरच्या कुणी मुद्दाम मिसळलं असा तुमचा संशय असेल, तर पोलिसांत तक्रार द्या. मग हा घातपात ठरेल. तुमच्यावर बंदी घालायला मलाही कारण राहणार नाही."

"देती की. त्या अजिनाथाचं नाव घालून देती. साल त्याचंच हाय."

"साल त्याच्या घरचंच आहे," आप्पा म्हणाले. "पण त्यानं टाकलेलं नाही."

सगळे त्यांच्याकडे वळले. या क्षणाची आप्पांनी सकाळपासून तयारी केली होती, त्यामुळे ते उगाचच थोडे खोकले.

"एकाच डब्यातून भरलेली दोन पाकिटं. वरच्या चटणीचं निर्दोष, तळातल्या चटणीचं दोषी. आता मला सांगा, कुणी वैरी येऊन डब्यात मूठभर कूट टाकेल, तर ते कुठं पडेल? वर. ढवळलं तर सगळीकडे जाईल. नुसतं तळाला, काठाच्या खाचेत, कसं जाईल?"

सोनालीनं चिमाबाईकडे पाहिलं.

"चटणीच्या आधी तिथं असेल तरच," आप्पा म्हणाले. "चिमाबाईनं चटणी भरली, तेव्हा कूट आधीच खाचेत बसलेलं होतं. म्हणजे चटणीत शेंगदाणा कुणी टाकला नाही. शेंगदाण्याच्या डब्यात चटणी टाकली गेली."

"म्या?" चिमाबाई किंचाळली. "डबा हिरव्या फितीचाच हुता! कोरडा हुता! म्या फडक्यानं पुसून घेतला!"

"धुतला नाहीस?"

"धुतला तर ओल ऱ्हाती की. पाण्याचा थेंब लागला तर चटणी टिकंल व्हय?"

"बरोबर. चटणीचा डबा कोणी रोज धूत नाही, पुसतो. आणि कूट तेलकट असतं. फडकं सगळं उचलत नाही. हे माझ्या खिशानं मला काल सांगितलं. तेव्हा प्रश्न एवढाच, की कारळ्याचा डबा या घराबाहेर कधी गेला, कुणाच्या घरी गेला, आणि परत येताना त्यात शेंगदाण्याचं कूट कुणी घातलं?"

"आमचा डबा कशाला भाईर जातोय?" मायाक्का म्हणाली.

"केराबाईंना ठाऊक आहे, की या खेपेला तुझ्या कारळ्यात लसूण कमी पडलाय. अजिनाथनं आणलेली पाकिटं मी पाहिली, ती बंद आहेत. मग त्यांनी चाखली कुठली? आणि त्या बाईंच्या घरातून कुणी मोकळ्या हातानं जात नाही. माझ्या खिशातसुद्धा शेंगा कोंबल्या त्यांनी. मग कुणी प्रेमानं भरून आणलेला डबा त्या रिकामा परत देतील?"

या घरात जन्मलेल्या, इथं नांदायला आलेल्या प्रत्येकीला ती गोष्ट सांगायची गरज नव्हती. शेजारचं भांडं परत करताना त्यात साखर, गूळ, मूठभर दाणे, काहीतरी घालायचं. मोकळं भांडं परत पाठवणं म्हणजे संबंध मोकळा करणं.

आप्पांनी मान वळवली. "महादेवप्पा, तुम्ही बोलता की मीच बोलू?"

महादेवप्पानं पहिल्यांदाच छतावरून नजर काढली.

"मावशीला दात न्हाईत," तो म्हणाला. "शेंगाचं तिला चावत न्हाय. कारळं बारीक असतंय, चालतंय. म्हणून नेऊन देतो. मधनं मधनं. अजिनाथ दुकानात असतो तवा मागल्या दारानं."

"कवापासनं?" मायाक्काचा आवाज बारीक झाला होता.

"तुमी बोलायचं थांबला, तवापासनं."

कुणीतरी खुर्ची सरकवली.

"पण मग आधी कधी असं झालं नाही?" वैजयंतीनं विचारलं. "डबे वेगळे नव्हते, तेव्हाही?"

"आदी वाटीत न्यायचो. घरातल्या वाटीत. मावशी कूट घालून द्यायची, मी वाटंत खाऊन टाकायचो, वाटी मोरीत पडायची." महादेवप्पानं भिंतीकडे बोट दाखवलं. "मग तुमी ते लिवून घेतलं. कारळं फक्त हिरव्यात. ह्या खेपंला म्हटलं नियम हाय, पाळाय पायजे. हिरव्या फितीच्या डब्यातनं नेलं. मावशीनं त्यात कूट घातलं. मी वाटंत खाल्लं, उपरण्यानं डबा पुसला, फळीवर ठेवला." तो थांबला. "ताई, म्या नियम मोडला न्हाय. म्या नियम पाळला."

वैजयंतीनं भिंतीवरची ओळ पुन्हा वाचली. कायद्याच्या पुस्तकात या प्रसंगासाठी काही आहे का, ते तिच्या चेहऱ्यावर उमटलं नाही, बहुधा नसावं.

मायाक्का आप्पांकडे वळली.

"आप्पा, हे तुमी बोलला नसता तर?"

"तर तक्रार झाली असती. अजिनाथ चौकीत गेला असता, तुझी खानावळ चालू राहिली असती." आप्पांनी चष्मा काढला. आता त्यांच्या बोलण्यात खोकला नव्हता. "आणि पुढच्या खेपेला महादेवप्पा पुन्हा डबा घेऊन गेले असते. सरांनी पुन्हा पाकीट फोडलं असतं. तुझ्या 'नाही'वर डोळे मिटून."

मायाक्का खाली बसली. समोरच्या दुकानात अजिनाथ गिऱ्हाइकाला काहीतरी पटवत होता, त्याचा आवाज रस्ता ओलांडून येत होता.

"लिवा ताई," ती शेवटी म्हणाली. "कुनाचं नाव घालू नका. आमच्याच डब्यातनं गेलं. आमच्याच मानसानं नेला हुता. चूक आमची."

"मायाक्का, हे लिहिल्यावर..."

"लिवा म्हणतीय नव्हं."

वैजयंतीनं लिहायला घेतलं. मधे एकदा थांबली, मग पुन्हा लिहू लागली. "कारण सापडलंय, तेव्हा तातडीनं बंद करायची गरज नाही," ती मान वर न करता म्हणाली. "सुधारणेची नोटीस देते. विकलेली पाकिटं परत मागवायची. हिरवे डबे कपाटात, कुलपात. घराबाहेर जायचे नाहीत. पण ते लेबल मला राहू देता येणार नाही. 'शेंगदाणा नाही' असं लिहायचं, तर शेंगदाणा नुसता मिसळलेला नसून चालत नाही, तो जवळपास फिरकताही कामा नये. एकाच स्वयंपाकघरात ते तुम्हाला सांभाळता येईल?"

मायाक्कानं भिंतीकडे, दारातून दिसणाऱ्या गल्लीकडे, समोरच्या दुकानाकडे पाहिलं. सगळीकडे शेंगदाणाच होता.

"न्हाय," ती म्हणाली.

सोनालीनं लेबलांचं भेंडोळं आणून तिच्यापुढे ठेवलं. मायाक्कानं हिरव्या अक्षरांवरून अंगठा फिरवला. "चांगलं छापलं हुतंस गं," ती सुनेला म्हणाली, आणि भेंडोळं उलटं करून ठेवलं. "आता काय छापायचं?"

"'या स्वयंपाकघरात शेंगदाणा वापरला जातो,'" वैजयंती म्हणाली.

"तेवडं छाप. मोठ्या अक्षरात." मायाक्का उठली. "आन मी दवाखान्यात जाऊन येती. सरास्नी मीच सांगती."

"काय सांगणार?" सोनालीनं विचारलं.

"की माज्या हितलं खाऊ नका."

ती चप्पल शोधू लागली. ती डोळ्यांसमोरच होती, तरी तिला सापडायला वेळ लागला. दारात ती वळली. "आन आवो, मावशीला चटणी न्यायची तर वाटीत न्या. पुढल्या दारानं. मी काय वाघ हाय व्हय?"

महादेवप्पानं पुन्हा छताकडे पाहिलं. पण आता तो बराच हलक्या आवाजात गप्प होता.

मायाक्का रस्ता ओलांडून गेली. जाताना अजिनाथच्या दुकानासमोर तिची पावलं किंचित रेंगाळली, एवढं आप्पांना दिसलं. त्यांचं मन भरून आलं. असे क्षण वाया घालवायचे नसतात, हे त्यांना इतक्या वर्षांच्या नोकरीत कळलेलं होतं. त्यांनी घसा साफ केला, चष्मा लावला आणि जमलेल्या मंडळींवरून नजर फिरवली.

"बघा," ते म्हणाले, "'आहे' लिहायला काही लागत नाही. वस्तू दाखवली की झालं. पण 'नाही' लिहायचं, म्हणजे साऱ्या गावाची, साऱ्या शेजारपाजाराची, प्रत्येक प्रेमळ म्हातारीची हमी घ्यायची. अन्नाच्या इतिहासात आजवर जे जे..."

"आप्पा," चिमाबाई म्हणाली. तिनं जाळी घातली होती आणि हातात परात होती. "जरा उटता का? जेवणारी येतील आता. भाकरीच्या पिठाच्या पोत्यावर बसलाय तुमी."